ऐकलं, येते

माझ्याच घराची बेल वाजवून मी आत जाते. किल्ली माझ्या पर्समध्ये असते, पण एजंटनं बजावलंय, पाहुणे आत असताना किल्ली लावायची नाही, बेल वाजवायची आणि दार उघडलं की हसायचं. म्हणून मी माझ्याच पायपुसण्यावर उभी राहते, बेल वाजवते आणि दात काढते. आतून कुणीतरी माझ्या नवऱ्याच्या आरामखुर्चीतून उठून येतं आणि मला म्हणतं, या, आत या.

सुरुवातीला फार लागायचं ते. नंतर सवय झाली. सवय झाली की माणूस काहीही करतो, स्वतःच्या घरात चोरपावलांनी वावरतोसुद्धा.

आमची गल्ली नदीकडे उतरते. खाली दगडी फरशी, मध्ये एक कारंजं आणि टोकाला जुना पूल. पूल बघायला जगभरातून माणसं येतात, आणि पुलापर्यंत जायचं तर आमच्या दारावरूनच जावं लागतं. पाहुण्यांच्या माहितीपुस्तकात लिहिलंय, की या भागात अनेक भाषांची, अनेक देवांची माणसं पिढ्यान्‌पिढ्या शेजारी शेजारी राहतात. लिहिणाऱ्यानं एकदा येऊन दोन-चार दारं वाजवायला हवी होती. सगळीकडून पाहुणेच बाहेर आले असते.

एके काळी मात्र ते खरं होतं. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर घड्याळजी, म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारे. पुढे दुकान, मागे बिऱ्हाड. पहिल्या मजल्यावर शिंपीणबाई. दुसऱ्यावर आम्ही. तिसऱ्यावर आत्या, माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. घड्याळजींची भाषा वेगळी, शिंपीणबाईंची वेगळी, आमची वेगळी. बाजारात जेवढी लागते तेवढी इथली भाषा सगळ्यांना यायची, पण सुखदुःखाचं बोलायला ती कुणालाच पुरायची नाही.

तेव्हा पाणी दिवसातून एकदाच यायचं, तेही आधी तळमजल्याला. पाण्याचा जाड लोखंडी पाइप खालपासून वरपर्यंत सगळ्यांच्या स्वयंपाकघरांतून जातो. पाणी आलं की घड्याळजी पान्यानं पाइप ठोकायचे, की वरचे सगळे बादल्या घेऊन नळाशी. तिथून ते सुरू झालं. हळूहळू पाइपवर बाकीचंही बोलणं व्हायला लागलं. चहाला या, मूल झोपलंय आवाज कमी करा, असल्या चार-दोन खुणा होत्या. त्यातल्या दोन कुणी कधी चुकवल्या नाहीत. सावकाश, न थांबता एकामागून एक ठोके आले तर समजायचं, अडचण आहे, असाल तसे या. आणि ज्यानं ऐकलं त्यानं लगेच उत्तर द्यायचं, दोन जलद ठोके. म्हणजे, ऐकलं, येते.

माझ्या लेकीच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा घरात मी एकटी होते. फोन नव्हता. मी उलथन्यानं पाइप बडवला. दोन ठोके खालून आले, दोन वरून आले, आणि ते ऐकूनच माझा निम्मा जीव भांड्यात पडला. शिंपीणबाई गळ्यात मापाची टेप तशीच ठेवून धावत आल्या. पुढचा सगळा वेळ माझा हात धरून त्यांच्या भाषेत काहीतरी बोलत राहिल्या. काय बोलल्या ते मला आजही ठाऊक नाही, पण त्या हाताची पकड अजून आठवते.

मग एकेक करून सगळे गेले. घड्याळजी वारले. मुलानं दुकान विकलं. तिथं आता फ्रिजच्या दाराला चिकटवायची चित्रं मिळतात, त्यात एक आमच्या इमारतीचंही आहे. मंडई हलवली, कारण भाज्यांचा वास पाहुण्यांना सोसेना. बसचा थांबा काढला, कारण बस उभी राहिली की फोटोत पूल झाकला जायचा. कोपऱ्यावरचा दवाखाना बंद झाला आणि तिथं सुगंधी साबणांचं दुकान आलं. आता गल्लीत कुणाचं डोकं फुटलं तर त्यानं गुलाबाचा साबण लावावा. शिंपीणबाईंना त्यांचा मुलगा दूर, दुसऱ्या शहरात घेऊन गेला. आणि आम्हीही गेलो. पर्यटकांना घरं भाड्यानं देणारा तो एजंट ज्या दिवशी आमचं घर बघून गेला, त्या दिवसापासून आमच्या घराला पाहुण्यांचे पाय लागले आणि आमचे सुटले. शहराच्या पार टोकाला सातव्या मजल्यावर राहतो आम्ही. खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते. पाणी मात्र चोवीस तास असतं, खोटं कशाला बोलू.

राहिली एकटी आत्या.

आत्यानं लग्न केलं नाही. नळांच्या कारखान्यात आयुष्यभर हिशेब लिहिले आणि निवृत्त होऊन तिसऱ्या मजल्यावर बसली, ती बसलीच. तिच्या गॅलरीतून पूल सरळ समोर दिसतो. एजंटचा डोळा त्या गॅलरीवर होता. भेटेल तेव्हा मला म्हणायचा, “ताई, तेवढ्या आजीबाईंचं बघा की जरा.” आणि मी बघत होतेच. दर खेपेला चादरी बदलून झाल्या की मी वर जायची, तिच्या हातचा चहा प्यायची आणि तिच्या मागे लागायची. तिच्या काळजीनं लागायची, हे खरं. त्या गॅलरीचं भाडं येईल म्हणूनही लागायची, हेही तितकंच खरं. दोन्ही गोष्टी एकाच तोंडातून निघत, त्यामुळे कुठली कुठे संपते ते माझं मलाच कळायचं नाही.

“आत्या, चला आता आमच्याकडे. एकट्या पडलात-बिडलात तर?”

“पडले तर उठेन.”

“आणि उठता नाही आलं तर?”

“तर पडून राहीन. माझंच घर आहे, फरशीसुद्धा माझीच.” मग बशीत चहा ओतत म्हणायची, “अगं, या गल्लीत राहणारी मी एकटीच उरलेय. म्हणजे बघण्यासारखी खरी गोष्ट मीच. तुझ्या नवऱ्याला सांग, बस माझ्या खिडकीखाली थांबव आणि तिकीट लाव.”

माझे हे पर्यटकांच्या बसवर असतात. वरून उघडी, लाल रंगाची बस. हे वरच्या मजल्यावर माइक घेऊन उभे राहतात आणि शहर समजावून सांगतात. आवाज मुळातच असा, की माइक नसता तरी चाललं असतं. आत्या त्यांना लहानपणापासून भोंग्या म्हणते.

आत्याच्या न हलण्याचं खरं कारण वेगळंच होतं, आणि तिनं ते एकदाच, भांडी विसळताना सांगितलं. शिंपीणबाई गेल्या त्या दिवशी दोघी याच स्वयंपाकघरात उभ्या होत्या. एकमेकींची भाषा येत नव्हतीच. शिंपीणबाईंनी वाकून तळहात जमिनीवर टेकवला, मग स्वतःच्या छातीला लावला आणि पुन्हा जमिनीवर टेकवला. आत्यानं त्याचा अर्थ घेतला, की मी परत येणार, इथंच.

“तिला पत्ता लिहिता येत नाही, मला तिचा वाचता येत नाही,” आत्या म्हणाली. “आली तर या दाराशी येईल. तेव्हा दार उघडायला तुझा तो एजंट असावा का?”

“आणि नाही आल्या तर?” मी म्हटलं. मला राहवत नाही, हा माझा स्वभावच आहे.

“तर नाही आली. पण मी गेल्यावर आली, असं नको व्हायला.”

त्यानंतरही मी मागे लागायची थांबले नाही. फक्त तो विषय काढला नाही. आत्यानं पाइप ठोकायचं मात्र केव्हाच सोडलं होतं. ठोकून उत्तर देणारं होतंच कोण?

या वेळचे पाहुणे म्हणजे एक तरुण जोडपं होतं. गोड पोरं. आल्या आल्या बूट दाराबाहेर काढले, मला खुर्ची दिली, माझ्या घराची माझ्याचजवळ तारीफ केली. त्या दिवशी यांना सुट्टी होती, म्हणून नवी गादी वर चढवून जुनी खाली न्यायला तेही माझ्याबरोबर आले होते. आम्ही निघणार तेवढ्यात नळात हवा अडकली आणि पाइप खडखडला. पोरगी दचकली. म्हणाली, “हे काय?”

झालं! भोंग्याला श्रोते मिळाले. यांनी गादी भिंतीला टेकवली, चमचा उचलला आणि माइकशिवाय सुरू झाले. घड्याळजी, शिंपीणबाई, बादल्या, माझं बाळंतपण, सगळं आलं. सगळं खरंच होतं. शेवटी मात्र बसवरची सवय आड आली. लोकांना काहीतरी करायला दिलं की ते खूश होतात, हे यांचं जुनं तत्त्व. म्हणाले, “हे घर अजून बोलतं. कधी वरून-खालून ठोके ऐकू आले, तर गप्प राहायचं नाही हं. उत्तर द्यायचं.” आणि चमच्यानं पाइपवर दोन जलद ठोके दिले. “असे. शुभ असतं ते.”

शुभ वगैरे काही नव्हतं. ते त्यांनी तिथल्या तिथे जोडलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी गादीची दुसरी बाजू धरून उभी होते आणि मला माझ्या नवऱ्याचं कौतुक वाटत होतं. माणसं घरात रमावीत, चांगलं बोलावीत, एवढंच त्या वेळी डोक्यात होतं. वर आत्या एकटी आहे, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं, आणि दोघांच्याही मनात काही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मला तिकडे काम नव्हतं. संध्याकाळी आत्याला फोन केला, तिनं उचलला नाही. फोन उशीखाली सारून विसरायची तिची रीतच होती. मी मनावर घेतलं नाही.

त्याच्या पुढच्या सकाळी पाहुणे निघायचे होते. मी धुतलेल्या चादरी काखेत घेऊन पोचले, तर दोघं दारातच, पाठीला पिशव्या लावून तयार. चेहरे उजळलेले. पोरीनं माझे दोन्ही हात धरले.

“काय सुंदर शहर आहे तुमचं! पुन्हा येणार आम्ही, आणि येऊ तेव्हा इथंच.”

“या की,” मी म्हटलं. “घर तुमचंच आहे.” हेही एजंटनं शिकवलेलं वाक्य.

“आणि ते ठोके!” पोरगा म्हणाला. “तुमच्या साहेबांनी सांगितलं ते खरं निघालं. काल दुपारी आम्ही परतलो तर वरून कुणीतरी ठोकत होतं. आम्ही लगेच उत्तर दिलं. मग पुन्हा वरून, पुन्हा आम्ही. झोपेपर्यंत चाललं होतं. कोण राहतं वर? त्यांना आमचा निरोप सांगा.”

मी विचारलं, “कसे ठोकत होते?”

त्यानं हसत दाराच्या चौकटीवर बोटांची पेरं आपटून दाखवली. सावकाश, एकामागून एक, न थांबता.

चादरी कुठे टाकल्या मला आठवत नाही. जिना मी कसा चढले तेही नाही. आत्याच्या दाराची जादा किल्ली माझ्याकडे असते, पण ती भोकात जाईना. पोरगा मागून आला, त्यानं माझ्या हातातून किल्ली घेतली आणि दार उघडलं.

स्वयंपाकघरात स्टूल आडवं झालेलं होतं, वरच्या फळीवरचा डबा फुटून साखर पसरली होती, आणि आत्या पाइपाशी पडलेली होती. एक पाय भलत्याच दिशेला वळलेला. हातात चमचा. पाइपाचा रंग एका जागी उडून खालचं लोखंड दिसत होतं. ओठ सुकून पांढरे पडले होते, पण डोळे उघडे होते.

“आलीस?” ती म्हणाली. मग माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत, “आणि ती कुठाय?”

“कोण, आत्या?”

“शिंपीण.”

मला वाटलं, तापात बरळतेय. मी तिच्या ओठांना पाणी लावलं आणि मोठ्यानं रडायला लागले. पोरीनं दवाखान्याची गाडी बोलावली. गाडी आली ती गल्लीच्या तोंडाशीच अडली, कारण पाहुण्यांना निवांत चालता यावं म्हणून तिथं लोखंडी खांब ठोकलेत. खालून दोन माणसं स्ट्रेचर घेऊन पळत आली, पण आमच्या जिन्याच्या वळणावर ते वळेना. शेवटी आत्याला खुर्चीत बसवून, पाय फळीला बांधून खाली आणली. खुर्चीचे पुढचे पाय त्या पोरानं धरले होते. त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं, की त्याला आता सगळं समजलंय. पोरगी मागून दोघांच्या पिशव्या ओढत येत होती आणि रडत होती.

गल्लीत ही गर्दी. झेंडी घेतलेल्या एका मार्गदर्शकानं आपला घोळका बाजूला घेतला. माणसं चांगली होती, सगळ्यांनी वाट दिली. एका बाईनं फोटो काढला. ते बघून आत्यानं त्या अवस्थेतही हात वर करून कपाळावरचे केस नीट केले.

ऑपरेशन झालं. खुब्याचं हाड मोडलं होतं, आणि इतका वेळ पाण्यावाचून पडून राहिल्यानं मूत्रपिंडांनाही मार बसला होता. डॉक्टर म्हणाले, जगतील. चालतील, आधारानं. जिन्याचं मात्र पुढे बघू. असं “बघू” म्हणताना डॉक्टर कागदाकडे बघतात, तेव्हाच समजून घ्यायचं असतं.

शुद्धीवर आल्यावर आत्याचं पहिलं वाक्य होतं, “मला घरी न्या.”

“नेऊ हं,” मी म्हटलं, लहान मुलाला सांगावं तसं.

“तुझ्या घरी नव्हे. माझ्या घरी. आता मी एकटी नाहीये. शिंपीण आलीय परत. खाली तिच्या खोलीत उतरली असेल, नाहीतर तुमच्या तिथं.”

ती बरळत नव्हती. ती विचार करून बोलत होती, आणि तिचा विचार अगदी चोख होता. ठोक्यांना उत्तर आलं होतं. दोन जलद ठोके. ते उत्तर ठाऊक असलेली माणसं जगात मोजकीच उरली होती. घड्याळजी वर गेले होते, आम्ही शहराच्या टोकाला होतो. मग उरलं कोण?

मी बाहेर व्हरांड्यात आले. हे बाकावर बसले होते. बसवर दिवसभर बोलणारा हा माणूस, पण आत्याला आणल्यापासून त्यांच्या तोंडून धड एक वाक्य निघालं नव्हतं.

“ती म्हणतेय शिंपीणबाई आल्यात,” मी म्हटलं.

“ऐकलं मी दारातून.” मग म्हणाले, “सांगू नकोस. वाटू दे तिला तसं.”

“वाटू दिलं तर ती तिथं जायचा हट्ट धरेल. त्या जिन्यानं, त्या घरात, एकटी.”

“मग सांग, की येऊन परत गेल्या.”

“म्हणजे शिंपीणबाई आल्या, दुपारपासून रात्रीपर्यंत खालून ठोके देत बसल्या आणि वर येऊन तोंडसुद्धा दाखवलं नाही? आत्यानं त्यांच्याबद्दल असं समजून राहायचं?”

त्यांनी दोन्ही हातांनी चेहरा झाकला. मला त्यांचा राग आला होता, माझा त्याहून जास्त, आणि राग कुठे ठेवायचा ते कळत नव्हतं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

दुपारी आत्याला जरा तरतरी आली. मी तिला चमच्यानं पेज पाजली. हे आत आले, पण पलंगाजवळ येईनात, दाराशीच उभे राहिले. आत्या आपणहून सांगायला लागली.

“आधी ओरडले गं. पण खाली गल्लीत गाणं-बजावणं चाललं होतं, कोण ऐकतंय. मग हाताला चमचा लागला. म्हटलं, ठोकून तरी बघू, कुणी नाही तर नाही. आणि ठोकलं तर उत्तर आलं.” तिचे डोळे भरले. “मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! म्हटलं, येतेय. वेळ लागेल तिला, गुडघे दुखतात तिचे. मग थोडं थांबून पुन्हा ठोकलं. पुन्हा उत्तर. म्हणून मग ओरडायची थांबले.”

“का थांबलात आत्या?”

“ती येते म्हणाल्यावर कशाला ओरडायचं? बरं दिसतं का ते?”

पेजेची वाटी मी खाली ठेवली. खोटं बोलायचं असेल तर हीच वेळ होती. मी यांच्याकडे बघितलं नाही.

“आत्या, शिंपीणबाई आलेल्या नाहीत.”

“मग ते ठोके?”

“ते पाहुणे होते. आमच्या घरात उतरले होते ते. तुमच्याबरोबर जिन्यातून खाली आली ना, ती पोरं. त्यांना वाटलं, ही गंमत आहे.”

“खेळत होती?”

“हो. वाईट नव्हती हो पोरं. त्यांना ठाऊक नव्हतं.”

“ती कशी वाईट असतील? खुर्ची धरली होती त्यानं, हात सोलवटले त्याचे.” मग तिनं विचारलं, “पण उत्तर बरोबर होतं. त्यांना कुणी शिकवलं?”

मग दाराशी उभे असलेले हे म्हणाले, “मी.” एवढंच, आणि इतक्या हळू, की तो त्यांचा आवाज आहे हे मला क्षणभर कळलंच नाही.

“तू, भोंग्या?”

“मी गंमत म्हणून सांगितलं, आत्या. मला वाटलं... मला काही वाटलंच नाही.”

आत्यानं त्यांना जवळ बोलावलं. ते आले, पलंगाशी गुडघ्यावर बसले आणि तिच्या हातावर डोकं ठेवून ढसाढसा रडले. पन्नाशी उलटलेला माणूस. तिनं दुसऱ्या हातानं त्यांचे केस विस्कटले.

“चांगलं शिकवलंस हो,” ती म्हणाली. “दोन ठोके अगदी तिच्यासारखे होते. मी फसले.”

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर बरं झालं असतं.

मग बराच वेळ ती खिडकीकडे बघत पडून राहिली. परिचारिका येऊन सुई बघून गेली. शेजारच्या पलंगावरच्या बाईचे नातेवाईक आले, बसले, उठले. हे बाहेर जाऊन तोंड धुऊन आले. आत्या बोलली तेव्हा तिचा आवाज नेहमीचा, व्यवहाराचा होता.

“घराची किल्ली तुझ्याकडेच आहे ना?”

“आहे.”

“देऊन टाक एजंटला. गॅलरीचं दार जरा दाबून लावावं लागतं, तेवढं सांग त्याला. आणि साखर सांडलीय, मुंग्या होतील, आजच जाऊन पूस.”

“आत्या, घाई नाही कसली. तुम्ही आधी बऱ्या व्हा. मग बघू, आपणच सगळे तिकडे...”

“नको गं,” ती म्हणाली. “आता कशासाठी?”

महिनोन्‌महिने मला जे हवं होतं ते मला मिळालं. किती चहा पिऊन, किती गोड बोलून जे जमलं नव्हतं ते एका खऱ्या वाक्यानं झालं. मला वाटलं, उठावं, शिंपीणबाईंचं गाव शोधून काढावं, त्यांना गाडीत घालून आणावं आणि या पलंगाशी उभं करावं. पण त्यांचा पत्ता आम्हा कुणाकडेच नव्हता. इतकी वर्षं एका पाइपानं बांधलेली माणसं आम्ही, निघताना पत्ता घ्यायचं कुणाला सुचलं नव्हतं.

ऊन खिडकीतून सरकून तिच्या पांघरुणावर आलं. मला वाटलं तिचा डोळा लागला. मी वाटी उचलून धुवायला निघाले, तेवढ्यात तिनं विचारलं, “त्या पोरांना आवडलं का गं आपलं शहर?”

“आवडलं,” मी म्हटलं. “खूप आवडलं. पुन्हा येणार म्हणत होती.”

“बरं झालं,” आत्या म्हणाली. “कुणीतरी परत येतंय म्हणजे.”